यवतची भाकरी आणि राहुरीचे विद्यापीठ

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघालात की हडपसर मागे पडते, लोणी काळभोर जाते, मग उरुळी कांचन येते, आणि चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर यवत लागते. दौंड तालुक्यातले हे गाव. मोटारीतून जाणारी माणसे इथे सहसा उतरत नाहीत. फार तर चहाला थांबतात आणि पुढे निघतात. तुम्ही मात्र एकदा उतराच. रेल्वेने येणार असाल तर पुणे-दौंड गाडी यवत स्टेशनावर थांबते. तिथून उगवतीकडे गेलात की कालव्याच्या पाण्यावरचा ऊस दिसेल, मधूनच एखाद्या गुऱ्हाळाचा धूर आणि काकवीचा वास येईल. दक्षिणेकडे पाहिलेत तर भुलेश्वराचा डोंगर आणि पायथ्याची हलकी, तांबूस, पावसाची वाट पाहणारी जमीन. एकाच गावची ही दोन तोंडे!

यवतचे नाव वारकऱ्यांच्या तोंडी आहे ते मात्र उसासाठी नव्हे, पिठलं-भाकरीसाठी. ज्येष्ठाच्या अखेरीला तुकोबारायांची पालखी देहूहून पंढरीला जाताना पुणे आणि लोणी काळभोरनंतर यवतला मुक्कामाला येते. काळभैरवनाथाच्या देवळात पालखी उतरते आणि सगळे गाव चुलीपाशी बसते. देवळापाशी मोठमोठ्या कढयांमध्ये पिठलं रटरटत असते आणि घराघरातून भाकरीच्या चळती येत असतात. त्या दिवशी यवतमध्ये कुणाच्या घरी किती भाकरी थापल्या असा हिशेब कुणी ठेवत नाही. मनगटे मात्र दुसऱ्या दिवशी हिशेब सांगतात!

आता तुम्ही म्हणाल, भाकरीचे कौतुक ठीक आहे, पण मथळ्यात विद्यापीठ कशाला? तेच तर सांगायचे आहे. ताटातली भाकरी ज्या ज्वारीची, ती बहुधा मालदांडी. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडून काढलेले हे वाण, स्वातंत्र्याच्या आधीपासूनचे. त्यानंतर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ज्वारीची आणखी वाणे दिली. त्यांची नावे ऐका: फुले अनुराधा, फुले सुचित्रा, फुले वसुधा, फुले यशोदा, फुले रेवती, फुले माऊली. जणू एखाद्या भोंडल्याला जमलेल्या बायकाच! अनुराधा हलक्या जमिनीची, सुचित्रा मध्यम जमिनीची, वसुधा आणि यशोदा भारी जमिनीच्या, रेवतीला पाणी हवे. आणि पिठल्याचा हरभरा? विजय, विशाल, दिग्विजय, विराट ही हरभऱ्याची वाणेही राहुरीचीच. थोडक्यात काय, विद्यापीठ तुमच्या ताटापर्यंत केव्हाच येऊन पोचले आहे. ते अजून पुरतेपणी पोचलेले नाही ते तुमच्या अंगणात.

ज्योतिरावांचा हिशेब

राहुरीचे विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातले हे ठिकाण. त्याच्या कार्यक्षेत्रात दहा जिल्हे येतात आणि पुणे जिल्हा त्यातलाच. त्याला ज्योतिराव फुल्यांचे नाव आहे, ते नुसते मानाचे म्हणून नव्हे. १८८२ साली हंटर आयोगापुढे ज्योतिरावांनी निवेदन दिले. सरकारची तिजोरी भरते ती कष्टकरी रयतेच्या घामाने, पण शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी स्पष्ट मांडले. गावच्या शाळेत लिहिणे-वाचणे आणि हिशेबाबरोबर शेतीचे आणि आरोग्याचेही प्राथमिक ज्ञान द्यावे, असे त्यांचे मागणे होते. पुढल्याच वर्षी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला.

हा हिशेब ध्यानात ठेवा, कारण विद्यापीठाच्या विस्तार-शिक्षणाचा पाया तोच आहे. कृषी विद्यापीठाची कामे तीन: शिक्षण, संशोधन आणि विस्तार. वर्गातल्या मुलांना शिकवणे हे पहिले, प्रयोगशाळेत आणि शेतावर शोध घेणे हे दुसरे, आणि जे हाती लागले ते ज्याच्या कामाचे आहे त्याच्या दारात नेणे हे तिसरे. हे तिसरे काम म्हणजे गावावर केलेले उपकार नव्हेत बरं का! ती परतफेड आहे. आणि परतफेड मागायला लाजायचे नसते.

राहुरीचे विद्यापीठ 'श्रीसुगी' नावाचे नियतकालिक काढते, 'कृषिदर्शनी' नावाची जाडजूड रोजनिशी काढते. शेतकऱ्यांच्या कितीतरी घरांत ती दिवाणखान्यातल्या कोनाड्यात असते. पण छापील कागदापेक्षा माणूस माणसाला लवकर शिकवतो, आणि ते काम करतात कृषीकन्या.

गावात आलेल्या लेकी

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना गावात राहून काम करावे लागते. ग्रामीण कृषी कार्यानुभव असे त्याचे भारदस्त नाव. मुलांना म्हणतात कृषीदूत आणि मुलींना कृषीकन्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत या पाच-सात मुलींच्या टोळ्या दिसतात. डोक्याला रुमाल, हातात वही, पायात चिखलाचे बूट. सुरुवातीला गाव त्यांच्याकडे पाहून हसते. 'ही पोर आम्हाला शेती शिकवणार?' असे कुणीतरी म्हणतेच. पण त्या जे दाखवतात ते पाहण्यासारखे असते, आणि तुमच्या-माझ्या स्वयंपाकघराच्या फार जवळचे असते.

बियाण्याची उगवणक्षमता तपासणेच घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी करून शंभर दाणे मांडायचे, दुसऱ्या ओल्या गोणपाटाने झाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची आणि ओल टिकवायची. पाच-सात दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. शंभरात सत्तर किंवा अधिक आले तर सोयाबीनचे बी पेरायला योग्य. कमी आले तर बियाण्याचे प्रमाण वाढवायचे किंवा बी बदलायचे. मटकीला मोड आणणाऱ्या बाईला यात शिकण्यासारखे काय आहे? पण दाणे मोजून मांडायचे आणि मोजूनच उघडायचे, एवढ्या एका शिस्तीने दुबार पेरणीचा खर्च वाचू शकतो.

ज्वारीला काणी पडू नये म्हणून किलोभर बियाण्याला चार ग्रॅम गंधकाची भुकटी चोळायची. निंबोळीचा अर्क करायचा तर वाळलेल्या निंबोळ्यांची पाच किलो पूड नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्याने गाळायची, एक लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम साबण विरघळवून त्यात घालायचा, आणि सगळे मिळून शंभर लिटर पाणी करून फवारायचे. परसातल्या चार वांग्यांना एवढे कशाला? लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम पूड पुरे. औषध लावलेले बी मात्र पुन्हा दळणात जाऊ देऊ नका, ते निराळ्या डब्यात ठेवा. आणि हात साबणाने धुवायला विसरू नका.

माती परीक्षणाचा नमुना घेणेही असेच. झाडाखालची, बांधाजवळची, उकिरड्याजवळची जागा सोडून शेतात सात-आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यायचे, कडेची माती खरवडायची, एकत्र कालवायची. मग कणकेचे करतो तसे तिचे चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा कालवायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. स्वच्छ कापडी पिशवीत भरून चिठ्ठी घालायची. खतावर जो पैसा जातो तो या पिशवीतून येणाऱ्या उत्तरावर ठरला पाहिजे. शेजाऱ्याने दोन गोणी टाकल्या म्हणून आपणही दोन, हा हिशेब नव्हे.

पण ऐकते कोण?

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, सारे छानच चालले आहे की! पण मैत्रिणींनो, अडते ते इथेच. बी निवडते कोण? राखेत घोळवून कणगीत ठेवते कोण? खुरपणी, वेचणी, मळणीनंतरची उफणणी, गोठ्यातले शेण आणि धार हे सारे कोण करते? उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. आणि प्रात्यक्षिकाला बसते कोण? ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे तो.

यात कुणाचा दुष्टावा असतो असे नाही. सभा सकाळी दहाला ठेवली तर बाई खुरपायला गेलेली असते. संध्याकाळी देवळाच्या पारावर ठेवली तर तिथे बायकांनी बसायचा रिवाज नसतो, आणि चूलही पेटवायची असते. व्याख्याता सुरुवात करतो, 'शेतकरी बंधूंनो!' भगिनी घरी. मग बियाण्याची गोष्ट नवऱ्याच्या कानावर पडते आणि बियाणे मात्र तिच्या हाताखाली असते. संध्याकाळी तो सांगेल तेवढे खरे. आणि तो काय सांगतो? 'होते काहीतरी. चहा बरा होता.'

सातबाऱ्यावर बाईचे नाव यावे म्हणून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. पुष्कळ शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. तो रस्ता लांबचा आहे, चालायलाच हवा. पण ज्ञानासाठी सातबाऱ्याची वाट पाहायचे कारण नाही. विस्तार-शिक्षणाला कुठल्याही कागदाची अट नाही. अट एकच, बोलावणे गेले पाहिजे.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. बायांचे शेतातले कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर तिथे खास काम झाले आहे. अशी साधने गावात न येण्याचे एक कारण असे की, ज्याची कंबर दुखत नाही तो खरेदीला जातो, आणि जिची दुखते तिला ती आहेत हेच ठाऊक नसते.

मागणी बायकांचीच होती

एक गंमत सांगते. विद्यापीठाने आपल्या भिंतींबाहेर येऊन लोकांना शिकवायचे, ही कल्पना इंग्लंडात रुजली ती कुणामुळे? बायकांमुळे! १८६७ साली उत्तर इंग्लंडमधल्या लीड्स, शेफील्ड, मँचेस्टर, लिव्हरपूल या शहरांतल्या बायकांच्या मंडळांनी केंब्रिजच्या जेम्स स्टुअर्ट या तरुण अध्यापकाला व्याख्याने द्यायला बोलावले. विद्यापीठाची दारे त्यांना तेव्हा बंद होती. तरुण पुरुषाने बायकांना समोरासमोर प्रश्न विचारणे प्रशस्त नाही, अशी त्या काळची समजूत. मग स्टुअर्टने प्रश्न छापून दिले, बायकांनी उत्तरे लिहून पाठवली आणि त्याने ती तपासून परत केली. पडद्याची अडचण होती, त्यातून स्वाध्यायाची रीत निघाली! पुढे १८७३ साली केंब्रिज विद्यापीठाने हे काम अधिकृतपणे अंगावर घेतले.

बोलावणे आधी गेले, विद्यापीठ मागून आले. हा क्रम लक्षात ठेवा.

आणि इतके लांब तरी कशाला जायचे? यवतहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसा. मध्ये खुटबाव सोडले की केडगाव येते. इथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढल्या वर्षी ते पुण्यात आले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली-बायकांना घेऊन रमाबाई केडगावच्या माळावर वसल्या. तिथे बायकांनी शेती केली, गाई सांभाळल्या, माग चालवले, तेलाचा घाणा चालवला, छापखान्यात खिळे जुळवले. 'विस्तार-शिक्षण' हा शब्द मराठीत येण्याच्या किती आधी! शिकवणे म्हणजे हाताला काम आणि पोटाला आधार, हे दौंड तालुक्याच्या मातीत तेव्हाच लिहून ठेवलेले आहे.

याच शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि १९१६ साली याच अण्णासाहेबांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. तेच आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ. विद्यापीठ उभे राहिले म्हणून अण्णा थांबले का? १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी ज्या खेड्यांत शाळा नव्हत्या त्यांच्यासाठी ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि वर्गणीसाठी पुन्हा वणवण सुरू केली. विद्यापीठ काढलेला माणूस परत खेड्याकडेच वळला, हे विसरू नका.

सात दिवसांचे शिबिर आणि आठवा दिवस

पुणे विद्यापीठाचाही या कामात वाटा आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाईंचे नाव मिळाले. त्याचे बहिःशाल शिक्षण मंडळ महाविद्यालयांच्या मदतीने व्याख्यानमाला करते. पहिले कुलगुरू डॉ. बाबासाहेब जयकर यांच्या नावाची ही माला तुम्ही ऐकली असेल. शिवाय १९६९ साली देशातल्या ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिची सात दिवसांची शिबिरे खेडोपाडी होतात. मुले-मुली येतात, रस्ता झाडतात, बंधारा घालतात, रोपे लावतात, रात्री पथनाट्य करतात. गावात चैतन्य येते.

आणि आठव्या दिवशी? ट्रक भरून शिबिर जाते, रोपे गावाच्या भरवशावर राहतात. शेळ्या काही शिबिराला आलेल्या नसतात! पाहुणे गेल्यावर कामाचे काय, हा प्रश्न प्रत्येक विस्तार-कार्यापुढे असतो. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने शेतकरी मंडळांचा एक प्रयोग केला होता, पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत. मंडळींनी कार्यक्रम एकत्र बसून ऐकायचा, त्यावर बोलायचे आणि आपले प्रश्न केंद्राकडे परत पाठवायचे. त्यातली ही परत जाणारी वाट फार मोलाची. शिकवणारा सांगून निघून गेला आणि गावाकडून प्रश्न आलाच नाही, तर ते भाषण झाले, शिक्षण नव्हे.

बोलावणे कसे धाडाल?

तेव्हा मैत्रिणींनो, तुम्ही यवतच्या असा, शिरूरच्या असा, नाहीतर आणखी कुठल्या गावच्या, एवढे करून पाहा.

एकटीने जाऊ नका, बचत गटाच्या नावाने जा. दहा-बारा सह्यांचा अर्ज कुणी सहसा बाजूला सारत नाही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्या, किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे. देशातले पहिले असे केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला निघाले, आज पुणे जिल्ह्यात दोन आहेत, बारामतीला आणि नारायणगावला. यवतकरणींना बारामती सोयीची. ही केंद्रे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या मदतीने चालतात.

अर्जात वेळ तुम्हीच लिहा. 'दुपारी एक ते तीन, शाळेच्या ओसरीवर' असे स्पष्ट लिहा. ज्या वेळी तुमचे हात मोकळे, तीच सभेची वेळ. लहान मुले बरोबर येतील हेही लिहा.

विषय एकच मागा. 'शेतीविषयी मार्गदर्शन' असे मोघम लिहिलेत तर मोघमच भाषण होईल. 'कांदा चाळीत सडतो, काय करावे?' असे विचारा. 'गाय आटली', 'मिरचीची पाने आक्रसतात' असे लिहा. येताना सडका कांदा आणि आक्रसलेले पान पुढ्यात ठेवा.

माती परीक्षणाच्या पिशवीतल्या चिठ्ठीवर घरधन्याबरोबर आपलेही नाव घाला. उत्तर येईल तेव्हा ते वाचून घ्या, आणि समजले नाही तर पुन्हा विचारा. वहीत तारीख घालून लिहून ठेवा: काय सांगितले, काय केले, काय झाले. पुढल्या वर्षी कृषीकन्या आल्या की ती वही त्यांच्यापुढे ठेवा. त्यांना पुस्तकात न मिळणारे त्यात असेल. आणि त्या पोरींना एकदा जेवायला बोलवा हो! आईपासून लांब आलेल्या असतात.

यवतला गेलातच तर डोंगरावरचे भुलेश्वरही पाहून या. यादवकाळातले हे काळ्या पाषाणातले देऊळ पुरंदर तालुक्यातल्या माळशिरसच्या हद्दीत आहे. आत अंधार असतो, तेव्हा बॅटरी न्या, आणि स्त्रीरूपातला गणपती शोधा. होय, विद्येच्या देवतेचे लुगडे नेसलेले रूप तिथे दगडात कोरलेले आहे! ते पाहून खाली उतराल तेव्हा पायथ्याच्या शेतांत बहुधा खुरपणी चाललेली असेल. बांधावर थांबून त्या बायांना विचारा, गावात कधी विद्यापीठाची माणसे आली होती का, आणि आली तर तुम्हाला कुणी बोलावले होते का. त्यांचे उत्तर ऐकून घ्या, आणि अर्ज कसा लिहायचा ते त्यांना सांगून या.